जागा कोणाच्या वाट्याला? चीनच्या राजपरीक्षेचा धडा



स्पर्धा परीक्षांचा विषय निघाला की पालकांच्या सभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, शहरातल्या मुलांना शिकवण्या आहेत, ग्रंथालये आहेत. आमच्या तालुक्याच्या मुलाने त्यांच्यापुढे टिकावे कसे? प्रत्येक भागाला जागा वाटून दिल्या तर न्याय होणार नाही का?" हा प्रश्न आजचा नाही. लेखी परीक्षा घेऊन अधिकारी नेमण्याची पद्धत ज्या चीन देशात तेराशे वर्षे चालली, तेथे याच प्रश्नावर विद्वान भांडले आणि काहींना प्राणही गमवावे लागले. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

चीनमध्ये ही परीक्षा सातव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. पुढे सोंग घराण्याच्या काळात उत्तरपत्रिकेवरील नाव झाकले जाई, एवढेच नव्हे तर हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून ती पुन्हा नकलून काढीत. वशिल्याला जागाच ठेवली नव्हती. तरीही यश दक्षिणेकडे झुकू लागले. दक्षिणेत भाताची समृद्ध शेती, व्यापार, छापलेले ग्रंथ आणि खासगी विद्यालये वाढली होती. उत्तरेला मात्र वारंवार लढायांची झळ बसत होती. परीक्षा सर्वांना एकच होती, पण परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी नव्हती.

इ. स. १०६४ मध्ये उत्तरेकडील विद्वान स्सुमा क्वांग यांनी सुचविले की, प्रत्येक प्रांतातील दहा उमेदवारांमागे एक याप्रमाणे निवड व्हावी. दक्षिणेचे औयांग श्यू यांनी त्यास विरोध केला. निवड गुणांवरच व्हावी, प्रांत पाहून नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दोघेही थोर, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य. पण त्या वेळी बदल झाला नाही.

पुढे मंगोलांचे युआन घराणे आले. १३१५ च्या परीक्षेसाठी त्यांनी ठरविलेली वाटणी आपण जरूर ध्यानात घ्यावी. राजधानीच्या परीक्षेत जास्तीत जास्त शंभर जागा; मंगोल, पश्चिमेकडून आलेले लोक, उत्तर चिनी आणि दक्षिण चिनी यांना प्रत्येकी पंचवीस. पश्चिमेकडून आलेल्यांत पुष्कळ मुसलमान होते. संख्येने थोडे, पण वाटा दक्षिणेच्या कोट्यवधी लोकांइतकाच! हा वाटा मागासलेल्यांना हात देण्यासाठी नव्हता, राज्यकर्त्यांच्या जवळच्यांसाठी होता. १३६८ मध्ये युआन सत्ता गेली आणि तो वाटाही गेला. आपल्या धर्मबांधवांना लाभ झाला म्हणून ती वाटणी न्याय्य होती, असे आपण म्हणू नये.

त्यानंतरच्या मिंग घराण्यात १३९७ साली मोठे प्रकरण घडले. त्या वर्षी पन्नासहून थोडे अधिक उमेदवार उत्तीर्ण झाले आणि ते सर्वच्या सर्व दक्षिणेचे निघाले. उत्तरेत एकच ओरड झाली. सम्राटाने उत्तरपत्रिका पुन्हा तपासावयास लावल्या. तपासणाऱ्यांनी पहिला निकाल बरोबर असल्याचे सांगितले. सम्राट संतापला. काहींना देहदंड झाला, वृद्ध मुख्य परीक्षक ल्यू सान्वू यांना हद्दपार केले गेले. पुन्हा परीक्षा झाली. या वेळी ६१ उत्तीर्ण, आणि ते सर्व उत्तरेचे! एका अन्यायावर दुसरा अन्याय, एवढेच त्यातून साधले.

शांत डोक्याचा उपाय पुढच्या पिढीत निघाला. यांग शिची हे मंत्री स्वतः दक्षिणेचे. तरी त्यांनीच उत्तरेसाठी जागा राखण्याची योजना मांडली. नाव झाकलेलेच राहावे, मात्र पत्रिकेवर 'दक्षिण' किंवा 'उत्तर' एवढे लिहावे. १४२७ पासून शंभर जागांमागे दक्षिणेला ५५, उत्तरेला ३५ आणि दूरच्या नैर्ऋत्य प्रांतांसह मधल्या गटाला १० अशी वाटणी झाली. म्हणजे उत्तरेच्या मुलाची स्पर्धा उत्तरेच्या मुलाशी. पण त्यांच्यात निवड गुणांवरच. पुढे चिंग घराण्याने १७१२ मध्ये प्रत्येक प्रांताला वेगळा वाटा ठरवून दिला.

या पद्धतीत पळवाटाही निघाल्या. दक्षिणेतील सधन घराणी मुलांची नोंद राजधानीच्या भागात किंवा सोप्या प्रांतात करवून घेत व तेथल्या जागा पटकावीत. गरिबासाठी उघडलेल्या दारातून श्रीमंत आत शिरला. ही युक्ती आपल्याला अनोळखी वाटते का?

तरी दार उघडले होते हे खरे. शांतुंग प्रांतातील मा शिन्यी हा मुसलमान तरुण १८४७ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढे तीन समृद्ध प्रांतांचा राज्यपाल झाला. त्याला मुसलमान म्हणून वेगळी जागा नव्हती. आपल्या प्रांताच्या वाट्यातली जागा त्याने अभ्यासाच्या बळावर मिळविली. १९०५ मध्ये ही परीक्षा बंद झाली. मात्र चीनमध्ये विद्यापीठांच्या जागा आजही प्रांतवार वाटल्या जातात आणि वादही तोच चालू आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवासावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत राज्यवार जागा नसतात. सामाजिक आरक्षण आहे, आणि आपल्यातील काही जमाती इतर मागासवर्गात मोडतात. त्यांच्या पालकांनी दाखले वेळेत काढून ठेवावेत. हक्काचे ते घेण्यात कमीपणा नाही.

परंतु पालकहो, राखीव जागा दार उघडते, उंबरठ्यापर्यंत चालत मात्र मुलालाच यावे लागते. दक्षिण चीन पुढे गेला तो विद्यालये आणि ग्रंथ यांच्या जोरावर. म्हणून मोहल्ल्यात एक अभ्यासिका, घरात रोज एक वर्तमानपत्र, आणि मुलीलाही मुलाइतकीच शिकण्याची मुभा, एवढे तरी आपण करू या. मग जागा कशाही वाटल्या जावोत, रांगेत आपली मुले असतील.