छत्तीस फोटोंचे पुणे

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मधली आणि आग १८२८ मधली, हे आपण सगळ्यांनीच परीक्षेपुरते पाठ केले होते. नववीत इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला, 'पेठांमधून हिंडा आणि फोटो काढा', तेव्हा या सनांना आकार आला. आम्ही पाच जण, एक मागून आणलेला कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा एक रोल. बटण दाबण्याआधी 'हाच का काढायचा?' यावर वाद ठरलेला. त्या वादातच आम्ही पाहायला शिकलो.

दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तींना थोपवण्यासाठी होते, हे पुस्तकात होते. पण आत गेल्यावर उरली ती नुसती जोती. दगडी तट उभा आणि आतले वाडे नाहीसे, असे का? कारण वरचे मजले लाकडी होते. आगीत ते गेले, दगड राहिला. ते लाकूडकाम कसे असेल, याचा अंदाज विश्रामबागवाड्यात आला. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचे कोरीव खांब पाहताना जळालेला वाडा मनात उभा राहिला. पेशवाई गेल्यावर याच वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे मंडईत गेलो. १८८६ ची ती इमारत आणि तिचा उंच मनोरा इंग्रजी अमदानीतला. पेशवाई ते इंग्रजी हा सगळा प्रवास पायी, एका सकाळीत झाला.

शेवटचे काही फोटो उरले असताना बुधवार पेठेत भिडेवाड्यासमोर आलो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. समोर मोडकळीला आलेला वाडा, खाली दुकाने, वर लोंबणाऱ्या वायरी. "यात काय काढायचं?" असे एकाने विचारले. गटात आम्ही तीन मुली होतो. मुलींनी शाळेत जाणे आम्हाला इतके साधे वाटत होते, की तो प्रश्न आम्हालाही चुकीचा वाटला नाही. तरी रोल संपवायचा म्हणून एक फोटो काढला.

डिसेंबर २०२३ मध्ये, बरीच वर्षे चाललेल्या न्यायालयीन लढ्यानंतर, राष्ट्रीय स्मारकासाठी तो वाडा पाडण्यात आला. स्मारक व्हायलाच हवे. ते १८४८ ची गोष्ट सांगेल. पण त्यानंतर ती जागा आपण कशी ठेवली होती, हे त्या वायरींच्या फोटोतच दिसते. छत्तिसांपैकी आज मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. दिल्ली दरवाजाचे फोटो हजारोंनी काढले असतील. पडके वाडे, दुकानांच्या पाट्या, पाण्याचे हौद मात्र कुणाच्या तरी घरच्या अल्बममध्येच सापडतील.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. पोटमाळ्यावरचे अल्बम काढा. निगेटिव्ह असतील तर ओल लागण्याआधी स्कॅन करून घ्या; काही अडले तर मला सांगा, हे काम मला जमते. आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने जागा आणि साल लिहा. माणसांची नावे आपल्याला आठवतात तोवरच लिहून ठेवता येतील.