एका चाकावरची मोकळी वाट

एकचाकी सायकल ही सर्कशीच्या तंबूत जन्मली आणि तंबूतच वाढली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यात नवल नाही. महाराष्ट्रात काय किंवा येथे बंगालमध्ये काय, आपण तिला पाहिले ते झगझगीत दिव्यांखाली, बँडच्या तालावर आणि तिकिटाचे पैसे मोजून. परंतु इतिहास पाहू जाता हे वाहन मुळात रस्त्यावरचे आहे. ते रस्त्यावरून तंबूत गेले, जवळजवळ शंभर वर्षे तेथे राहिले आणि गेल्या अर्धशतकात पुन्हा उघड्यावर आले. मधल्या मुक्कामात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र आपण फारसे कोठे दिसत नाही. या गोष्टीचा थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

१८७० च्या सुमारास इंग्लंडात उंच चाकाची सायकल प्रचारात आली. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ले याचे नाव तिच्याशी जोडले जाते. पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येणारे आणि मागचे ताटाएवढे, असा तिचा विलक्षण घाट होता. साखळी नव्हती, पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली असत. चाक जितके मोठे तितके एका फेऱ्यात अधिक अंतर कापले जाई, म्हणून चाक वाढत गेले आणि त्याबरोबर पडण्याची उंचीही वाढत गेली. दगड आडवा आला की मागचे चाक उचलले जाई आणि स्वार डोक्यावर आपटे. पण मागचे चाक अधांतरी असतानाही क्षणभर तोल सांभाळता येतो, हे काही धाडसी स्वारांच्या ध्यानी आले. मग मागचे चाक गेले, पाठीचा दांडा गेला आणि अखेर हातांत धरावयाची मूठही गेली. एकचाकीची अशी उपपत्ती सांगितली जाते आणि ती पटण्याजोगी आहे. पेटंटच्या दप्तरात पाहिले तर अमेरिकेत फ्रेडरिक मायर्स याचे १८६९ सालचे आणि बात्तिस्ता स्कुरी या इटालियन गृहस्थाचे १८८१ सालचे, अशी दोन नावे ठळकपणे आढळतात.

१८८५ साली साखळीची, दोन सारख्या चाकांची सायकल आली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली धाव आणली. रस्ता तिचा झाला. एकचाकीला रस्त्यावर काम उरले नाही. ज्या वस्तूचे काम संपते तिचा तमाशा होतो, तसा तिचाही झाला.

आता तंबूकडे वळू. इंग्लंडच्या फिलिप अ‍ॅस्टलीने १७६८ पासून घोड्यांचे जे खेळ केले, त्यांतून बेचाळीस फूट व्यासाचे रिंगण रूढ झाले. घोडा दौडत असता पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तोल धरण्यास हे माप सोयीचे पडते. आपल्या विष्णुपंत छत्र्यांनाही आरंभी घोडेच ठाऊक होते. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी ते घोड्यांचे शिक्षक होते. १८७९ साली मुंबईत आलेली कियारिनीची इटालियन सर्कस त्यांनी पाहिली, हिंदी माणसाला असे काही साधणार नाही हा टोमणा ऐकला आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत स्वतःचा पहिला खेळ लावला. पहिली हिंदी सर्कस ती हीच. (गाण्याच्या शौकिनांना विष्णुपंत आणखी एका कारणाने ठाऊक असतील. भूगंधर्व रहिमतखाँ यांना सांभाळून, आपल्या सर्कशीबरोबर फिरवून, त्यांचे गाणे देशाला ऐकविणारे ते हेच.) पुढे देवल, कार्लेकर, शेलार यांच्या सर्कशी निघाल्या. वालावलकरांनी रॉयल सर्कस नावारूपास आणली. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेतील रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून गाजले. केरळातील तलश्शेरीच्या कुन्हिकण्णन यांना या विद्येची गोडी लागली तीही छत्र्यांच्याच सहवासात. आणि येथे, आपल्या या शहरात, प्रियनाथ बोस यांनी १८८७ साली ग्रेट बेंगॉल सर्कस उभी केली.

या तंबूंत सायकल आली आणि तिच्या मागोमाग एकचाकीही आली. तिच्यासाठी निराळे रिंगण कोणी आखले नाही; घोड्याचे माप तिला लागू झाले. याचा अर्थ काय होतो ते गणिताने पाहण्यासारखे आहे. बेचाळीस फूट व्यासाच्या वर्तुळाचा परीघ एकशे बत्तीस फूट. वीस इंची चाक एका फेऱ्यात सव्वापाच फूट जाते. म्हणजे पायडलाचे पंचवीस फेरे झाले की स्वार जेथून निघाला तेथेच परत येतो. घोड्याला याचे काही वाटत असेल की नाही, देव जाणे. माणसाला निश्चित वाटते.

तसे मला एका बाईंनी सांगितले. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात सिंथीच्या सर्कस मैदानावर तंबू पडला होता. त्यात मिरजेकडच्या एक मराठी बाई आहेत असे कानावर आले, म्हणून मी सकाळी आठाच्या सुमारास तेथे गेलो. वयाने पन्नाशीच्या. खेळातून निवृत्त होऊन त्या मुलींना सायकल शिकवीत होत्या. मराठी कानी पडताच त्यांनी चहा मागविला. बोलता बोलता मी विचारले, “बाई, इतकी वर्षे एका चाकावर फिरलात, कंटाळा नाही आला?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “आत फिरायचा आला की, साहेब. आत सगळं गोल. माणसं बघत्यात म्हणून हसायचं, पडलं तरी हसायचं. पण रोज सकाळी तंबूच्या भायेर एक चक्कर मारल्याबिगर मला चहा गोड लागत नाही. तिथं कोण बघत नाही. सरळ जायचं, वाटेल तितकं सरळ जायचं.”

आणि चहा संपल्यावर त्यांनी ते करून दाखविले. साडीचा काचा मारला, तंबूच्या दोराला हात टेकून बैठकीवर चढल्या आणि मैदानाच्या कडेकडेने रस्त्यापर्यंत गेल्या. मी मागून चालत होतो. रिंगणातल्या कसरतीत असते ती ऐट त्यांच्या चालीत नव्हती. पाठ ताठ, हात सैल, नजर दूर. पायाखालच्या चाकाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. पाहिले की पडायचे, असे त्या नंतर म्हणाल्या.

या आनंदाचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ते कळल्यावाचून आनंद कळत नाही. एकचाकीची पायडले चाकाच्या आसाला पक्की असतात. चाक फिरले की पाय फिरलेच पाहिजेत. दुचाकीवर उतार लागला की आपण पाय थांबवून वारा खात जातो. येथे ती सोय नाही. उतारावर पायांनी चाक मागे रेटून वेग आवरावा लागतो, चढावर शरीर पुढे झुकवून चाक त्याच्या खाली आणावे लागते. पुढे-मागे तोल राखतात पाय. डावा-उजवा तोल कमरेच्या हलक्या पिळाने राखला जातो. त्यामुळे जमिनीचा प्रत्येक स्वभाव अंगाला कळतो. ओली माती, कोरडे गवत, डांबर, विटांची फरशी, झाडाचे वर आलेले मूळ, या सर्वांची वार्ता मांडीपर्यंत पोहोचते. हात मोकळे असतात. नजर चालणाऱ्याच्या डोक्याहून थोडी वर जाते, म्हणून ओळखीची जागाही वेगळी दिसते. वेग फार नसतो, धावणाऱ्या मुलाइतका. त्यामुळे आजूबाजूचे काही निसटत नाही. आणि पडण्याची वेळ आली तर बहुधा माणूस पायांवर उभा राहतो व चाक मागे आडवे होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोल हा सतत करीत राहावयाचा उद्योग असल्याने मनात दुसरे काही राहू शकत नाही. माझ्यासारख्या फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल अधिक वाटावे, हे उघड आहे.

पाश्चात्त्यांनी आणि जपान्यांनी हा आनंद तंबूतून सोडवून आणला. १९७३ साली अमेरिकेत हौशी एकचाकीस्वारांची संघटना स्थापन झाली. कॅनडाच्या वॉली वॉट्स याने १९७६ ते १९७८ या काळात एकचाकीवरून अनेक देश पालथे घातले. १९८४ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. पुढे जाड धावेचे चाक घेऊन मंडळी डोंगरवाटांवर गेली, आणि छत्तीस इंची चाकावर लांब पल्ल्याचे प्रवास होऊ लागले. त्या चाकाच्या एका फेऱ्यात साडेनऊ फूट अंतर जाते. जपानची गोष्ट मला या सर्वांहून मोठी वाटते. तेथे १९७८ साली संघटना निघाली आणि १९८९ च्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या शारीरिक शिक्षणात एकचाकीला स्थान मिळाले. शाळेच्या अंगणात मधल्या सुट्टीत मुली हात धरून एका चाकावर फिरतात. त्यांना कोणी सर्कसवाल्या म्हणत नाही.

आपल्याकडे असे का झाले नाही? कौशल्य नव्हते असे म्हणता येणार नाही. याच मातीत पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जी प्रतिष्ठा दिली, तीमुळे तो आखाड्यातून शाळेत आला. एकचाकीला बाळंभटदादा मिळाले नाहीत. माझ्या मते याचे कारण आपल्या मध्यमवर्गीय मनात आहे. सर्कस पाहावयास मुलांना नेणे हा आपला आनंद. पण सर्कसवाल्याची विद्या आपल्या मुलाने घ्यावी, हे आपणांस रुचले नाही. दुचाकीचे तसे नव्हते. येथेच कोलकात्यात ‘कुंतलीन’ तेलाचे कर्ते हेमेंद्रमोहन बोस यांनी जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्यांना सायकल शिकविली. विमल मुखर्जी १९२६ साली मित्रांसह याच शहरातून सायकलवर जगाच्या सफरीला निघाले आणि १९३७ साली परतले. दुचाकी भद्रलोकांची झाली, एकचाकी विदूषकाची राहिली.

आता तर तंबूच विरळ झाले आहेत. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ-सिंह गेले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुलांना सर्कशीत ठेवणे बंद झाले. हे दोन्ही योग्यच झाले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु लहानपणी अंगात मुरणारी ही विद्या नव्याने कोठे शिकावयाची, ही सोय मात्र कोणी केली नाही. मिरजेच्या त्या बाईंनी शिकविलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांपैकी एकही महाराष्ट्रातील नव्हती. इकडे रस्त्याची स्थितीही बिकट. २०१३ साली कोलकात्यात १७४ रस्त्यांवर साध्या सायकलीलाही मनाई झाली होती. ती संख्या नंतर उतरली, २०२० च्या साथीत काही सवलतीही मिळाल्या. तरी मोठ्या रस्त्यावर एकचाकीने जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पण मैदान आहे. मंडळातील तरुण मुलामुलींसाठी बाईंनी सांगितलेले येथे नोंदवून ठेवतो. शिकण्यास वीस इंची चाक घ्यावे. बैठक एवढी उंच असावी की खालच्या पायडलावर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सारा भार बैठकीवर द्यावा, पायडलांवर नव्हे. नवशिके येथेच चुकतात. प्रथम कठडा किंवा दोन माणसांचे खांदे धरावे, आणि कठडा सोडताना पुढे पडावयास भिऊ नये. रोज तासभर दिला तर दोनतीन आठवड्यांत पन्नास पावले जाता येते. पावसाळ्यात व्हिक्टोरिया मेमोरियलसमोरचे गवत चिखलाचे असते. डिसेंबर ते फेब्रुवारी जमीन कठीण असते, आणि सकाळी सहा-सातच्या सुमारास, धुके उठण्यापूर्वी, तेथे फुटबॉलवाली मुले आणि बकऱ्या यांखेरीज पाहणारे कोणी नसते.