आमची शाळा कुणाशी खेळते? चंदगड, बेळगाव आणि १९५६ चा नकाशा

शिनोळी संपली की बाची लागते. मध्ये ना नदी ना डोंगर. शेताला शेत लागून, बोली एक, सोयरीक एक, बाजारहाट दोघांचाही बेळगावचाच. फक्त शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि बाची कर्नाटकात.

आता समजा, या दोन बाजूंच्या शाळांतल्या पोरांना शासनाच्या शालेय स्पर्धेत एकमेकांशी कबड्डी खेळायची आहे. काय करावं लागेल? इकडच्या पोरांनी तालुका जिंकायचा, जिल्हा जिंकायचा, विभाग जिंकायचा, मग राज्य. तिकडच्यांनीही त्यांच्या राज्यात तेच. मग कुठेतरी हजार किलोमीटर लांब राष्ट्रीय स्पर्धेत गाठ पडेल. आणि तिथेही या दोन शाळा खेळणार नाहीत, 'महाराष्ट्र' आणि 'कर्नाटक' खेळणार.

गेल्या आठवड्यात शालेय स्पर्धांवरून एका ग्रुपवर वाद झाला. आपल्या तालुक्याची पोरं जिल्ह्यात मागे का पडतात, असा विषय होता. कुणी शिक्षकांना बोललं, कुणी मोबाईलला, कुणी मैदानांना. सगळं थोडं थोडं खरं असेल. पण आपली शाळा कुणाशी खेळते हे ठरवतं कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही. म्हणून हे लिहितोय. जरा लांब आहे, पण सवड काढून वाचा.

आधी आपण बेळगावचे होतो

नव्या पिढीतल्या अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. चंदगड हा मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका नाही. ब्रिटिश अमलात आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात. आमचे शेजारी मात्र वेगळे. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात, आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि कोल्हापूर जिल्हा तयार झाला. तेव्हाही चंदगड बेळगावातच राहिलं.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. विजापूर, धारवाड, कारवार आणि बेळगाव हे चार जिल्हे मुंबई राज्यातून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातले. बेळगावच्या बाबतीत मात्र कायद्यात एक अपवाद होता: चंदगड तालुका वगळून. तो एक तालुका बेळगावपासून सोडवून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला.

कायद्यातल्या त्या एका अपवादाने आपलं सगळं बदललं. कचेरी, कोर्ट, परीक्षा, पुढे जिल्हा परिषद, आणि शाळेचं खेळाचं मैदानसुद्धा.

इथे गैरसमज नको. ज्या दिवशी चंदगडला मराठी मुलूख मिळाला, त्याच दिवशी बेळगावच्या मराठी माणसाचा तो हातचा गेला. तिकडे १ नोव्हेंबर आजही काळा दिवस म्हणून पाळतात. ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. त्यांना जे अजून मिळालं नाही, ते आपल्याला १९५६ ला मिळालं. त्यामुळे तक्रार राज्याबद्दल नाही. पण राज्य मिळताना शेजार तुटला, हेही खरं आहे. आणि शाळेच्या पोराला तो तुटलेला शेजार मैदानावर सगळ्यात आधी जाणवतो.

शिडी नवी, आणि आपली पायरीच हलली

शालेय खेळांची देशपातळीवरची संघटना, म्हणजे स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया, १९५४ साली स्थापन झाली. गावातल्या शाळेतून थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जायची शिडी तिथून उभी राहत गेली. त्यानंतर दोनच वर्षांत चंदगडची जिल्ह्याची पायरी बेळगावहून उचलून कोल्हापूरला नेली गेली.

बेळगाव आपल्याला चाळीसेक किलोमीटर. कोल्हापूर शंभरावर. ही दोन अंतरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसरी गोष्ट. खेळ शेजाऱ्याकडून येतो. ज्यांच्याशी सामने होतात त्यांचा खेळ आपण शिकतो. बेळगाव हे हॉकीचं गाव. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातले बंडू पाटील बेळगावचे. कोल्हापूरचा बाज वेगळा, कुस्ती आणि फुटबॉल. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं गडहिंग्लज, तिथलं फुटबॉलचं वेड तर सांगायलाच नको. आपल्या बाजूची पोरं आज फुटबॉल बघतात, खेळतात, कोल्हापूरच्या तालमीची नावं तोंडपाठ सांगतात. १९५६ ला नकाशा वेगळा झाला असता तर कदाचित त्यांच्या हातात स्टिक असती. चांगलं की वाईट हा मुद्दा नाही. मुद्दा हा की हे खेळाने ठरवलं नाही, महसुली हद्दीने ठरवलं.

नंतरही यादी बदलत राहिली

१९५६ नंतर सगळं जागच्या जागी राहिलं, असं समजू नका. आपल्या वरच्या पायऱ्यांवरचे भिडू बदलतच गेले.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांची वेगळी शिडी तयार झाली: केंद्र, बीट, तालुका, जिल्हा. माध्यमिकची शिडी क्रीडा खात्याची: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील.

राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग. आपला कोल्हापूर विभाग, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. यातला सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा निघाला. म्हणजे विभागात एक भिडू वाढला.

आणि एक गंमत बघा. तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग. तिथल्या पोराचा महसूल विभाग कोकण, दहावीचं बोर्ड पूर्वी कोल्हापूर आता कोकण, कॉलेजला गेलं की विद्यापीठ मुंबई. पण खेळायला विभाग मात्र कोल्हापूर! तिकडे सोलापूर महसुलात आपल्याबरोबर पुणे विभागात, पण खेळात आपल्याबरोबर नाही. महसूलचा एक नकाशा, बोर्डाचा दुसरा, विद्यापीठाचा तिसरा, खेळाचा चौथा. म्हणजे खेळासाठी वेगळा नकाशा काढता येतो, शासनाने काढलेलाच आहे. मग तो जिल्ह्याच्या खालच्या पायरीवर का काढता येत नाही?

तिसरा बदल महानगरपालिकांचा. महानगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळांची स्पर्धा वेगळी होते आणि तिथला विजेता थेट विभागाला जातो. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ ची, सांगली-मिरज-कुपवाडची १९९८ ची, इचलकरंजीची २०२२ ची. हा नियम ग्रामीण शाळांच्या बऱ्यापैकी फायद्याचा आहे. शहरातल्या मोठ्या शाळा, रोजचे प्रशिक्षक, टर्फ, जिम, हे सगळं जिल्ह्याच्याच पायरीवर अंगावर येत नाही. यादीत कोण असावं याचा नीट विचार केला की लहानांनाही वाट मिळते, याचा हा घरचाच पुरावा.

बाहेर काय करतात

अमेरिकेत शेजारशेजारच्या हायस्कूल एकत्र येऊन आपला गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. अंतर किती, पोरं किती, बरोबरीचा सामना होतो का, हे बघून शाळा गटात येतात, जातात. कुणी बाहेर पडलं की गावात चर्चा, जुनं वैर संपलं म्हणून हळहळ. टेक्सासमध्ये तर शाळांच्या खेळांची राज्य संघटना दर दोन वर्षांनी पटसंख्या मोजून सगळे गट नव्याने लावते. दोनशे पोरांची शाळा दोन हजारांच्या शाळेपुढे उभी करत नाहीत.

आपल्याकडे पटसंख्या कुणी विचारतच नाही. घाटमाथ्यावरची, धो धो पावसातली, जेमतेम पटाची शाळा आणि बाजारपेठेच्या गावातलं मोठं हायस्कूल, दोघांची सुरुवात एकाच तालुका स्पर्धेत.

आणि आपल्याच देशातलं क्रिकेट घ्या. रणजीमध्ये एका महाराष्ट्र राज्याचे आजही तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. गुजरातेतही तीन: गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. राज्यं बदलली तरी क्रिकेटने जुने शेजार बरेचसे जपले. मोठ्या माणसांच्या क्रिकेटला ही सवलत, आणि शाळेच्या पोरांना मात्र तलाठ्याच्या नकाशाप्रमाणे खेळा!

हे नुसतं इतिहासाचं कौतुक नाही

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? गावच्या जत्रेत, मंडळाच्या स्पर्धेत बेळगावकडची पोरं येतातच की. येतात. कुस्तीच्या फडात तर कंग्राळीचा पैलवान आणि गंगावेस तालमीचा पैलवान कधीपासून भिडतायत, तिथे जिल्हा कुणी विचारत नाही.

पण त्या स्पर्धेतून ढाल मिळते, रोख बक्षीस मिळतं, प्रमाणपत्राला सरकारी किंमत नसते. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण हवेत तर शासनमान्य शिडीवरूनच जावं लागतं. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हवं तरी तेच. आपल्यासारख्या तालुक्यात, जिथे पोरं पहाटे उठून पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळतात, तिथे एका प्रमाणपत्राने घर उभं राहतं. म्हणून शिडी कुठून कुठे जाते हा पोटाचा प्रश्न आहे.

आता ती दोन अंतरं आठवा. जिल्ह्याची स्पर्धा कोल्हापुरात सकाळी सुरू होणार असेल तर हेरे किंवा पारगडच्या बाजूच्या पोरांनी किती वाजता निघायचं? आदल्या दिवशी जायचं तर मुक्काम कुठे, खर्च कुणाचा? पोरं एक वेळ टेम्पोत बसून जातील. पोरींचं काय? आठवीतल्या पोरीला शंभर किलोमीटरवर मुक्कामी पाठवायला किती आईबाप तयार होतात, हे प्रत्येक क्रीडा शिक्षकाला विचारा. तालुका जिंकलेला मुलींचा संघ जिल्ह्याला न जाणं म्हणजे हरणं नव्हे. खेळायच्या आधीच बाद होणं.

बाचीच्या बाजूच्या मराठी शाळांचीही वेगळी गत नाही. त्यांची शिडी बेळगाव विभागातून बंगळुरूकडे जाते. ते आपल्या राज्याच्या टोकाला, आपण आपल्या राज्याच्या टोकाला. दोन टोकं एकमेकांना चिकटलेली, पण शिड्या विरुद्ध दिशेला.

मग मागायचं काय?

नकाशा बदला अशी मागणी मी करत नाही. साध्या तीन गोष्टी आहेत.

एक, जिल्हा स्पर्धेच्या आधी चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड अशा दक्षिणेकडच्या तालुक्यांची गटफेरी गडहिंग्लजला घ्या. त्यातले निवडक संघ फक्त शेवटच्या सामन्यांना कोल्हापूरला जातील. याला कायदा लागत नाही, वेळापत्रक लागतं.

दोन, तालुक्याला पटसंख्येप्रमाणे दोन गट करा. लहान शाळा लहान शाळांशी खेळून वर येऊ देत.

तीन, दोन्ही राज्यांच्या क्रीडा खात्यांनी मिळून सीमेवरच्या शाळांची वर्षातून एक मान्यताप्राप्त स्पर्धा घ्यावी. एक वर्ष चंदगडला, एक वर्ष बेळगावला. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. कबड्डीच्या मैदानाला त्याची वाट बघायची गरज नाही.

आमदार, जिल्हा परिषदेची माणसं, संस्थाचालक यांतलं कुणी हे वाचत असेल तर पहिल्या मागणीपासून सुरुवात करा. पुढच्या हंगामाच्या नियोजनाची बैठक होईल तेव्हा हा विषय टेबलावर ठेवा.

आणि बाकीच्यांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा शाळेच्या कपाटात १९५६ च्या आधीचं एखादं खेळाचं प्रमाणपत्र, ढाल, संघाचा फोटो असेल, ज्यावर 'जिल्हा बेळगाव' लिहिलंय, तर त्याचा फोटो काढून खाली टाका. आजोबा, पणजोबा कुणाकुणाशी खेळले, कुठल्या गावाला हरवून आले, हे ऐकलं असेल तर तेही लिहा. बाची, उचगाव, हिंडलग्याकडचे मित्र असतील तर त्यांनाही टॅग करा. एके काळी आपण एकाच जिल्ह्याच्या मैदानावर होतो, एवढं तरी आजच्या पोरांना दिसू द्या.