सहाशेने सुरू होणारी ओळ

चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईने छापलेली आकड्यांची ओळ असते. डावीकडून सहा आकडी चेक क्रमांक, मग नऊ आकडी सांकेतिक क्रमांक, मग सहा आकडी खातेखूण आणि शेवटी व्यवहाराचा प्रकार सांगणारे दोन आकडे. नऊ आकड्यांपैकी पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, उरलेले शाखेचे. मुंबईच्या शाखांचा क्रमांक 400 ने सुरू होतो, चेन्नईच्या 600 ने, पिनकोडप्रमाणेच. 1982-83 मध्ये रिझर्व्ह बँकेतल्या दामले यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने या यांत्रिक पद्धतीची शिफारस केली आणि त्या दशकातच मुंबई, दिल्ली, कोलकाता व तेव्हाचे मद्रास इथली क्लिअरिंग यंत्रांवर गेली. 24 सप्टेंबर 2011 रोजी चेन्नईत चेकच्या प्रतिमेवर चालणारी क्लिअरिंग सुरू झाली, तेव्हा कागदाचा प्रवास थांबला, पण ही ओळ हलली नाही. ती तशीच ठेवण्यात मोठे शहाणपण होते, असे माझे मत आहे.

आधीची रीत अशी होती. चेक ज्या बँकेत भरला जाई ती बँक ओळीच्या उजव्या टोकाला रक्कम छापून गठ्ठे क्लिअरिंग हाउसला पाठवी. तिथले यंत्र ओळ वाचून चेकची बँकवार विभागणी करी आणि ज्या बँकेवर चेक काढलेला असे तिच्याकडे तो कागद पोचे. 2002 च्या कायदादुरुस्तीने चेकच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमेला मान्यता दिली. 2003 मध्ये बर्मन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाचा अहवाल आला आणि फेब्रुवारी 2008 मध्ये दिल्लीत पहिला प्रयोग झाला. नव्या रीतीत कागद चेक भरलेल्या बँकेतच थांबतो. पुढे जातात त्या तीन प्रतिमा (दर्शनी बाजूच्या दोन, एक करड्या छटांची व एक काळी-पांढरी, आणि मागच्या बाजूची एक) आणि त्यांच्यासोबत माहितीची एक्सएमएल फाइल. या फाइलमध्ये चेक क्रमांक, नऊ आकडी सांकेतिक क्रमांक, खातेखूण, व्यवहार प्रकार आणि रक्कम असे खुणांनी वेगवेगळे केलेले रकाने असतात. म्हणजे यंत्र जी ओळ कागदावर वाचत होते, तीच इथे शब्दांच्या चौकटीत बसवली आहे. निरोपाचे आवरण बदलले, मजकूर तोच राहिला.

यावर रास्त आक्षेप असा, की नवी यंत्रणा उभारताना जुन्या मापाचे कपडे कशाला घालायचे? खातेखुणेला सहाच आकड्यांची जागा आहे, तर केंद्रीकृत बँकिंगमधले खातेक्रमांक त्याहून कितीतरी लांब असतात. एक्सएमएलमध्ये रकान्याची लांबी वाढवणे अवघड नाही. ही अडचण मी नाकारत नाही. पण रकाना फाइलमध्ये वाढवला तरी कागदावर वाढत नाही. ग्राहकांच्या कपाटांत पडलेली चेकबुके, छपाई यंत्रे, शाखांतली वाचनयंत्रे हे सगळे जुन्या मापाचे होते. शिवाय ज्या बँकेवर चेक काढला आहे, तिच्याकडे कोणत्या खात्याला कोणते चेक दिले याची नोंद असतेच. पूर्ण खातेक्रमांक तिने आपल्या घरात शोधावा, हा भार योग्य जागी पडतो. भाषांतर बँकेच्या दारात होते, म्हणून मधला निरोप सर्वांना एकसारखा वाचता येतो.

चेन्नईच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे ठरले, कारण इथे एका शहराची नव्हे तर ग्रिडची कल्पना राबवली गेली. देशातल्या 66 यांत्रिक केंद्रांचे काम चेन्नई, मुंबई आणि नवी दिल्ली या तीन ग्रिडांत आणायचे होते. चेन्नई ग्रिडच्या क्षेत्रात तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, पुदुच्चेरीच नव्हे, तर ओडिशा, पश्चिम बंगाल आणि आसामही आले. गुवाहाटीतल्या एखाद्या छोट्या शाखेलाही त्याच ओळीत बोलावे लागणार होते. प्रत्येक बँकेने आपल्या सोयीचा आकृतिबंध मागितला असता, तर ग्रिड उभेच राहिले नसते. (मुंबई ग्रिड 27 एप्रिल 2013 रोजी सुरू झाले, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा आणि गुजरातही होते.)

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुने जपत राहिले की ते कधीच जात नाही. इथे मात्र सर्व काही जपले गेले नाही. प्रतिमा स्पष्ट यावी म्हणून 2010 मध्ये चेकच्या कागदाचेच नवे मानक ठरले: ठरावीक जलचिन्ह, अतिनील प्रकाशात दिसणारे बँकेचे बोधचिन्ह, आणि तारखेखेरीज कोणत्याही खाडाखोडीला मनाई. जुन्या चेकांना एका दिवसात रद्दी ठरवले नाही, त्यांच्यासाठी वेगळी क्लिअरिंग ठेवली आणि ती हळूहळू विरळ केली. जानेवारी 2014 पासून आठवड्यातून तीनदा, मेपासून दोनदा, नोव्हेंबरपासून फक्त सोमवारी. सप्टेंबर 2018 पासून महिन्यातून एकदा, आणि 31 डिसेंबर 2018 पासून तीही बंद. ज्याच्या हातात जुना चेक होता त्याला जवळजवळ पाच वर्षे मिळाली, आणि दर टप्प्यावर तो वापरणे थोडे जास्त गैरसोयीचे होत गेले. हे वेळापत्रक मला त्या काळातल्या कोणत्याही तांत्रिक निर्णयाइतकेच मोलाचे वाटते. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक गठ्ठ्यांऐवजी दिवसभर सलग पुढे जाऊ लागले, तरी चेन्नईच्या शाखेच्या चेकवर नऊ आकड्यांची सुरुवात 600 नेच होते.