रिकाम्या चाळी ते वरळीची वस्ती

मुंबईत निवाऱ्याची भीषण टंचाई असतानाही एके काळी वरळीत हजारो खोल्या रिकाम्या पडून होत्या. त्या होत्या बीडीडी चाळी.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील १२१ एकट्या वरळीत. तळमजला व तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधोमध पॅसेज आणि सामाईक संडास. एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट.

तरीही कामगार तिकडे फिरकेनात. भाडे परवडणारे नव्हते, वरळी गिरण्यांपासून आडबाजूला होती आणि काँक्रीटच्या त्या खोल्यांत उजेड-वारा अपुरा होता. राहणाऱ्याला न विचारता घर बांधले की असे होते. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला या इमारतींचा निराळाच उपयोग सुचला: वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग उघडून सत्याग्रहींना तेथे डांबण्यात आले.

पुढे शहर वाढले, चाळी भरल्या. कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसांनी आपली गावे या खोल्यांत आणून वसवली. एकाच गावचे दहा-पंधरा जण भाडे वाटून घेत. रात्रपाळीचा कामगार निघाला की दिवसपाळीचा त्याच जागी पथारी पसरी. ही गावकीची खोली म्हणजे गावाची मुंबईतील कचेरीच. नव्याने आलेल्याला आसरा तेथे, गावच्या देवळाची वर्गणी तेथे, मयताची बातमीही प्रथम तेथेच. जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करीत. गिरणगावाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला आलेल्या ओळी फारच थोड्या आहेत.

मात्र गावाबरोबर जातही आली. वरळीत बौद्ध कुटुंबांची वस्ती बहुतांशी काही ठरावीक चाळींत एकवटली होती. ५ जानेवारी १९७४ रोजी आंबेडकर मैदानावरील दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल भडकली. शेजारच्या इमारती एकमेकींच्या वैरी झाल्या. पोलिसांच्या वर्तनावरही गंभीर आरोप झाले. १० जानेवारीला परळ येथे मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा पँथर कार्यकर्ता ठार झाला. चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला गेला. चाळसंस्कृतीच्या हळव्या आठवणींत हे प्रकरण सहसा वगळले जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पाळ्यांवर चालणारा तो दिनक्रमच मोडला. अनेकांनी गावची वाट धरली. उरलेल्यांच्या पुढच्या पिढ्या दुकानांत, कार्यालयांत, पोलीस दलात गेल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पुनर्विकसित इमारतींच्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. नव्या घराचे क्षेत्रफळ ५०० चौरस फूट आहे आणि संडास आता घरातच आहे. उन्हाळ्याच्या रात्री ज्या पॅसेजमध्ये अंथरुणे पडत, तो कोणाच्याही करारनाम्यात मोजलेला नव्हता.