पाण्यात शिजलेले अन्न

जुन्या मराठी घरात परजातीचा माणूस जेवायला यायचा असला, की काय रांधायचे याच्या आधी कशात रांधायचे हे ठरवावे लागे. शाकाहारी स्वयंपाक केला की तो सर्वांना चालतो, ही आजची आपली सोयीची समजूत फार जुनी नाही. भात, वरण, भाकरी हे पाण्यात शिजलेले अन्न. त्याला सोवळ्याओवळ्याचे, खरकट्याचे सगळे नियम लागू. तुपात तळलेल्या, दुधात भिजवलेल्या पदार्थांना बरीच सूट असे. म्हणून लाडू दुसऱ्या आळीत जाई, भात जात नसे. इतर जातींतल्या यजमानाला ब्राह्मणाला जेवू घालायचे असेल, तर तो कोरडा शिधा देई: तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, तूप. पाहुण्याने आपली चूल आपण पेटवायची आणि आपले आपण शिजवून घ्यायचे! यजमानाच्या हातचे काही पोटात जाऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था पाहुणचाराच्या नावाखाली शतकानुशतके चालली. आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना तर यातली कोणतीच सूट नव्हती. त्यांच्या हातचे तूपही विटाळलेले.

सहभोजनाच्या इतिहासाकडे आपण भाषणे, ठराव आणि बहिष्कार यांच्या अंगाने पाहतो. मला तो पानावर काय वाढले होते, या अंगाने वाचावासा वाटतो.

मुंबईत 1849 च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. तिथे नव्या सभासदाला परधर्मीयाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. सभा गुप्त होती, आणि सभासदांची नावे बाहेर फुटताच ती मोडली. पुढे 1890 च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण घडले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही त्या मेळाव्याला हजर. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, आणि प्रकरण ग्रामण्यापर्यंत, शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत, हे तर सर्वश्रुत आहे.

पाव, बिस्किट, चहा. तिन्ही गोष्टी बाहेरच्या. घरच्या चुलीशी त्यांचा संबंध नाही आणि पानाशीही नाही. उभ्या उभ्या घेता येतात, दोन मिनिटांत संपतात. शाहू महाराजांच्या चहाचे मोल मी कमी करत नाही. राजाने घेतलेल्या एका कपाने त्या दुकानापुढची वाट बदलली. पण घोट आणि जेवण यांत फरक आहेच. जेवायला मांडी घालून बसावे लागते, शेजारच्याचे पान दिसते, भात कालवावा लागतो, वाढणाऱ्याला ‘पुरे’ म्हणावे लागते. रत्नागिरीत 1930 पासून सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजने होऊ लागली, तेव्हा तिथे खरी पंगत आली.

आणि मग आले अनंत हरी गद्रे (1890–1967). ‘निर्भीड’ साप्ताहिकाचे संपादक, नाटककार. जाहिरातींच्या धंद्यातही त्यांचा हातखंडा होता. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘समतानंद’ म्हटले आणि ते नाव चिकटले. गद्र्यांनी चाळिशीच्या दशकात झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला यजमान म्हणून दलित जोडपे बसवायचे आणि मग सगळ्या जातींच्या मंडळींनी प्रसाद म्हणून एकत्र झुणका-भाकर खायची, असा तो बेत.

यातली खुबी पदार्थात आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे माझे मत आहे. सत्यनारायणाचा नेहमीचा प्रसाद कोणता? रवा, तूप, साखर, दूध आणि केळे घालून केलेला, सव्वाच्या मापाचा. म्हणजे वर सांगितलेल्या सवलतीच्या वर्गातलाच पदार्थ. द्रोणात चमचाभर घेतला, कपाळाला लावला, की सुटका. गद्र्यांनी पूजा तीच ठेवली आणि प्रसाद बदलला. भाकरी तर गरम पाण्यात भिजवतात आणि थापताना वरूनही पाण्याचा हात फिरवतात. झुणक्यालाही पाणी लागते. जुन्या नियमांनी जे सर्वांत कडक बंधनात ठेवलेले, तेच देवाच्या नावाने हातावर आले. प्रसाद नाकारता येत नाही, हे सत्यनारायणाच्या कथेनेच लोकांना शिकवून ठेवले होते! गद्रे जाहिरातीतले होते, माणूस कुठे नाही म्हणू शकत नाही हे त्यांना कळत होते.

शंभर माणसांना पुरी-भाजी घालायची तर एक आचारी आणि एक मोठी कढई पुरते. झुणक्याचेही तसेच, फोडणीत बेसन घालून मोठ्या पातेल्यात एका दमात उरकतो. भाकरीचे तसे नाही. पीठ ताजे हवे, जुन्या पिठाला विरी जाते आणि भाकरी थापतानाच मोडते. एका वेळी एकच भाकरी थापायची, एकच तव्यावर टाकायची, वर पाणी लावायचे, उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. सरावाच्या बाईला एका भाकरीला तीनेक मिनिटे धरली, तर शंभर माणसांच्या दोनशे भाकऱ्यांना दहा तास होतात. दोन तासांत जेवण वाढायचे असेल तर पाच चुली आणि पाच बायका हव्यात. शिवाय भाकरी करून ठेवली की वातड होते, म्हणजे हे काम आदल्या रात्री उरकण्यासारखेही नाही. सहभोजनाच्या इतिहासात वक्त्यांची नावे भरपूर आहेत. या पाच जणींची नावे कोणी लिहून ठेवायची?

भाकरीला आणखी एक बाजू आहे. महार बलुतेदाराला गावकीच्या कामाच्या मोबदल्यात घरोघर भाकरी मागावी लागे. ती भाकरी वरून टाकलेली असे, बहुधा शिळी. डॉ. आंबेडकरांनी महाडला मार्च 1927 मध्ये जे सांगितले, त्यात मृत जनावरांचे मांस आणि उष्टेमाष्टे तुकडे सोडा, हे कळकळीचे सांगणे होते. ज्यांच्या घरात भाकरीची अशी आठवण आहे, त्यांच्यापैकी एक जोडपे यजमानाच्या पाटावर बसून इतरांना भाकरी देते, तेव्हा तो पदार्थ सवर्ण पाहुण्याला जितका जड, तितकाच त्या यजमानालाही वेगळा लागला असणार.

आंबेडकरांचा स्वतःचा सहभोजनावर फारसा भरवसा नव्हता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि 1936 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, न झालेल्या भाषणात त्यांनी साफ म्हटले आहे की एकत्र जेवणाऱ्या जाती पुष्कळ आहेत, तेवढ्याने जातिभेद गेलेला नाही. त्यावर उपाय आंतरजातीय विवाह हाच. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. गद्र्यांचे सत्यनारायण ठरल्या दिवशी, ठरल्या मंडपात होत. पूजा आटोपली की पाहुणे घरी जात, आणि घरी चूल ज्याची त्याची असे. तिथल्या पाटावर कोण बसायचे, हे मंडपातल्या पंगतीने ठरवलेले नव्हते. ते त्या घरातल्या सासूबाईंनी ठरवायचे होते, आणि त्या मंडपात आल्या असतील तरी भाकरी पदरात बांधून नेली की जागेवर खाल्ली, हा प्रश्न उरतोच.