तुमच्या नावाने, तुमच्या परवानगीने

मंडळी, एखाद्या प्रोग्रॅमने वेबसाइटवरचं काही वाचून आणणं हे तसं निरुपद्रवी काम. पण त्याच प्रोग्रॅमने तिथे तुमच्या नावाने चार ओळी लिहायच्या म्हटल्या, की लगेच प्रश्न येतो: हा कोण, आणि याला सांगितलं कोणी? मला तर वेब एपीआयचा अर्धा इतिहास या एकाच प्रश्नाचा वाटतो.

१९९८ साली डेव्ह वाइनर आणि मायक्रोसॉफ्टमधली काही मंडळी यांनी मिळून एक्सएमएल-आरपीसी नावाची पद्धत आणली. कल्पना अगदी साधी. फंक्शनचं नाव आणि त्याला लागणारी माहिती एक्सएमएलमध्ये लिहायची आणि एचटीटीपीवरून धाडून द्यायची. २००१ मध्ये ब्लॉगरवाल्या इव्हन विल्यम्सने याच पद्धतीवर एपीआय खुला केला. नवं लिखाण टाकणाऱ्या फंक्शनला सहा गोष्टी द्याव्या लागत: अ‍ॅपची खूण, ब्लॉगचा क्रमांक, युजरनेम, पासवर्ड, मजकूर आणि लगेच प्रसिद्ध करायचं की नाही. हो, चक्क पासवर्ड! दरवेळी, मजकुराच्या शेजारी बसून जायचा.

पुढे हाच विल्यम्स ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक झाला. २००६ मध्ये ट्विटरचा एपीआय आला तोही 'बेसिक ऑथेंटिकेशन'वर. यात नाव आणि पासवर्ड बेस६४ मध्ये लिहून पाठवतात. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसता पडदा. कोणीही बाजूला सारावा. त्यामुळे ट्विटरसाठी कोणी छानसं अ‍ॅप काढलं, की ते आधी तुमचा पासवर्ड मागणार. त्याच काळात "तुमचे मित्र शोधून देतो, फक्त ईमेलचा पासवर्ड द्या" म्हणणाऱ्या साइट्सही आठवत असतील.

आता यात गोची काय? घराची किल्ली दिली की तो माणूस कपाटही उघडू शकतो. 'फक्त वाच, लिहू नकोस' असं पासवर्डला सांगता येत नाही. शिवाय एका अ‍ॅपला हाकलायचं तर पासवर्ड बदला, म्हणजे बाकीची सगळी अ‍ॅप्सही बंद!

यावर २००७ मध्ये उत्तर आलं, ओऑथ. अ‍ॅप तुम्हाला मूळ साइटच्या पानावर पाठवतं, तुम्ही तिथेच लॉगिन करून 'परवानगी आहे' म्हणता, आणि अ‍ॅपच्या हाती पासवर्डऐवजी एक टोकन पडतं. ते टोकन मर्यादित कामापुरतं देता येतं आणि एकट्याचंच रद्दही करता येतं. एप्रिल २००९ मध्ये यातही भोक सापडलं. परवानगीची प्रक्रिया चोराने सुरू करायची, लिंक तुम्हाला पाठवायची, तुम्ही 'हो' म्हटलंत की पुढचा फायदा चोराचा. जूनमध्ये १.०ए आवृत्तीने ते बुजवलं. ऑगस्ट २०१० च्या अखेरीस ट्विटरने बेसिक ऑथेंटिकेशन बंद केलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ओऑथ २.० आलं. दर विनंतीवर सही करायची कटकट गेली, भरवसा एचटीटीपीएसवर आला. प्रमुख संपादक एरन हॅमरला हे इतकं पटलं नाही, की त्याने आधीच आपलं नाव काढून घेतलं होतं. पण जगाने सोपं तेच उचललं. आज आमचं अर्धं काम याच टोकनांवर चालतं.

म्हणजे प्रश्न सुटला? किल्लीचा सुटला. पण दार कोणाचं, हा राहिलाच. ट्विटरने २०१२ मध्येच नव्या अ‍ॅप्सना एक लाख युजर्सची मर्यादा घातली होती. जानेवारी २०२३ मध्ये तर बाहेरच्यांची क्लायंट अ‍ॅप्स बंदच करून टाकली. त्याच वर्षी रेडिटने एपीआयला भाव लावला, आणि अपोलोसारखं लोकांचं लाडकं अ‍ॅप ३० जूनला मिटलं. युजरची परवानगी होती, टोकन होतं, पण घरमालक नाही म्हणाला. मला विचाराल तर ओऑथ तुमचं अ‍ॅपपासून रक्षण करतं. साइटपासून अ‍ॅपचं रक्षण करणारं काही त्यात नाही. कोणाच्या एपीआयवर धंदा उभा करत असाल, तर हे आधी लिहून ठेवा.

असो. जाता जाता एक काम: आपल्या ईमेल खात्याच्या सेटिंगमध्ये जा आणि कुठल्या कुठल्या अ‍ॅप्सना परवानगी दिली आहे ती यादी बघा. नाव ओळखीचं वाटलं नाही, तर सरळ काढून टाका. पासवर्ड बदलावा लागत नाही, हीच तर ओऑथची कमाई!